धुण्याचा दोर आणि छपरावरची फांदी

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. घायपाताचा, तीन पेडांचा, अंगठ्याएवढा जाड. माणसांबद्दल चार बरे शब्द बोलावेत असं मलाही वाटतं; पण माणसं तशी सोय ठेवत नाहीत.

एका लांबलचक शेडमध्ये माझा जन्म झाला. वळणाऱ्याने मला ताणून पाहिलं आणि "चालेल" म्हणाला. जन्मभरात इतकं खरं कौतुक पुन्हा मिळालं नाही. तिथून मी झाडं छाटणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे गेलो. तो रोज सकाळी माझे पेड उलटे पिळून उघडायचा, आत डोकावायचा, वास घ्यायचा आणि मगच मला खांद्यावर टाकायचा. छपरांवर झुकलेल्या कितीतरी फांद्या मी अलगद खाली उतरवल्या. एक कौल फुटलं नाही. लोक शाबासकी म्हाताऱ्याला देत, आणि घामेजले हात मला पुसत.

मग एकदा पेड उघडून त्याने मान हलवली. "ह्याच्यावर आता वजन नको," म्हणाला. ज्या घरी काम चाललं होतं तिथल्या मालकाने मला मागून घेतलं. फक्त कपडे वाळत घालायला, असं शपथेवर सांगितलं. म्हाताऱ्याने ते खरं मानलं. शहाणी माणसंही अशी कुठे कुठे फसतात.

सहा वर्षं मी ऊन-पावसात ओले टॉवेल मिरवले. बाहेरून तसाच रुबाबदार, आतून भुसा. मालकाचं लग्न झालं, बाळ झालं, आणि माझ्यावर लंगोट-दुपटी आली.

एका दुपारी वारा सुटला आणि अंगणातल्या झाडाची भलीमोठी फांदी बुंध्याशी तडकली. ती नेमकी कोपऱ्यातल्या खोलीच्या छपरावर लोंबत होती. त्या खोलीत बाळाचा पाळणा. बाळाच्या आईने पाळणा तेव्हाच स्वयंपाकघरात ओढून नेला. झाडं छाटणाऱ्यांना बोलवा, असं तिने नवऱ्याला तीनदा सांगितलं. एवढ्याशा फांदीला माणूस कशाला, असं त्याने तीनदा उत्तर दिलं.

मदतीला त्याचा धाकटा भाऊ आला. त्याचं शिक्षण म्हणजे मोबाइलवर पाहिलेला तीन मिनिटांचा व्हिडिओ. दोघांनी धुणं चिखलात टाकून मला सोडलं. जी फांदी कापायची तिलाच शिडी टेकवली. अशी अक्कल बाजारात मिळत नाही, घरातच पिकवावी लागते. धाकट्याने फांदीला माझ्या इतक्या गाठी मारल्या की त्यांतली एखादी तरी बरोबर असावी.

बाळाची आई बाहेर आली. धुतलेल्या दुपट्यांवर रोज तपकिरी भुकटी कुठून पडते, हे तिला बरेच दिवस खटकत होतं. तिने माझं लोंबतं टोक धरलं आणि पेड उलटे पिळले. तळहातावर भुकटी सांडली.

"भावजी, खाली उतरा. हा दोर कुजलाय."

"वहिनी, ह्याला हत्ती बांधला तरी तुटायचा नाही."

"मग हत्ती बांधा. फांदी नको."

नवरा हसून म्हणाला, "अगं, पाळणा तू हलवलास ना? मग आता कसली भीती?"

"तुम्ही दोर धरून कुठे उभे राहणार?"

त्याने वर पाहिलं. तो बरोबर फांदीखाली उभा होता. तरी हटेना, भावासमोर बायकोचं ऐकलं तर काय राहिलं? धाकट्याने करवत लावलीसुद्धा.

ती आत गेली आणि भाजीची सुरी घेऊन आली. एक शब्द न बोलता तिने मला कापायला घेतलं. जिथे हात पोचला तिथे कापलं, तुकड्याचे पुन्हा तुकडे केले. सुरी बोथट होती, वेळ लागला. शेवटी बांधायला दोरच उरला नाही, तेव्हा धाकटा करवत घेऊन खाली उतरला.

बाळाच्या आईने निरोप धाडला, आणि दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याची मुलगी, आता ते काम तीच करते, कामातल्या जोडीदारिणीला घेऊन आली. तिने आधी नव्या दोराचे पेड उघडून पाहिले. मग शिडी बुंध्याला बांधली, दोर वरच्या भक्कम बेचक्यातून घेतला. साल ओरबाडली जाऊ नये म्हणून आधी खालून थोडं कापलं, मग वरून. टोकाकडून एकेक तुकडा खाली आला. धाकट्याला फाटकाबाहेर उभं केलं होतं. तो तिथून सूचना देत होता.

शेवटचा तुकडा सुटला तेव्हा नवा दोर करकरला. तुकडा खाली टेकल्यावर तो हलवायला दोघे भाऊ लागले, आणि तरी हलला नाही. नवऱ्याने एकदा त्या ओंडक्याकडे पाहिलं, एकदा माझ्या तुकड्यांकडे, आणि चिखलात टाकलेली दुपटी धुवायला बसला. चला, काहीतरी जमलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगायची माझ्या जातीची रीत आहे. मी सांगणार नाही. कामाच्या दोराला सावलीत ठेवा, रोज उघडून पाहा. आणि त्याचा जीव गेला की तुकडे करा. धुणं वाळवायलाही ठेवू नका. घरात लांब दोर दिसला की कुणाला ना कुणाला पराक्रम सुचतोच.