मराठीत ओरडणारा गोलकीपर

चारुदत्त नागपूरच्या कॉलेजात असताना गोलकीपर होता. इंजिनिअर होऊन अमेरिकेत न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला आल्यावर दहा वर्षांत त्याने बॉलला हात लावला नव्हता. १९८३च्या एप्रिलमध्ये, रविवारी सकाळी पार्कात चालताना त्याला काही वेस्ट इंडियन मंडळी फुटबॉल खेळताना दिसली. त्यांच्या गोलमध्ये कुणीच टिकत नव्हतं. तो थांबून बघत राहिला.

त्यांचा कॅप्टन डेस्मंड मूळचा ग्रेनाडाचा, इथे शाळेची बस चालवायचा. जमैका, त्रिनिदादच्या दोस्तांना गोळा करून त्याने नुकताच 'आयलंडर्स' नावाचा क्लब काढला होता.

"गोलमध्ये उभा राहतोस? वय किती?" त्याने विचारलं.

"सदतीस."

"मला वाटलं पन्नास. ये!"

पहिल्या सीझनला चौदा सामने झाले. तेरा हरले, एक ड्रॉ. चारुदत्तने एकूण त्रेपन्न गोल खाल्ले. तिथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला त्याचा मित्र राजीव सगळ्यांदेखत म्हणाला, "यार, तू गोल अडवायला जातोस की रस्ता दाखवायला?" चारुदत्त हसला, पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या सीझनच्या पहिल्या सामन्याला त्याची बायको सुमेधा आली. ती हायस्कूलला गणित शिकवायची. फुटबॉलमधलं तिला काही कळत नव्हतं. पण समोरच्या टीमचा एक खेळाडू आयलंडर्सचा बचाव सांभाळणाऱ्या क्लाइव्हच्या मागे जाऊन "लीव्ह इट!" असं ओरडला, ते तिने पाहिलं. आपलाच गोलकीपर बोलला असं समजून क्लाइव्हने बॉल सोडला आणि गोल झाला. अर्ध्या तासाने पुन्हा तेच.

घरी जाताना गाडीत ती भडकली. "तो त्यांचा माणूस होता!"

"अगं, मीही तेच ओरडतो. क्लाइव्हला कसं कळणार?"

"मग मराठीत ओरड ना! कोण नक्कल करणार आहे?"

पुढच्या प्रॅक्टिसला सुमेधाने स्वतः सगळ्यांना तीन शब्द शिकवले. सोड, मार, माझा. क्लाइव्हला 'सोड' म्हणता येईना, पण तो ऐकताक्षणी पाय मागे घ्यायला शिकला. त्या वर्षी आयलंडर्स सहा सामने जिंकले.

१९८५चा शेवटचा सामना पहिल्या नंबरच्या क्लबशी होता. जिंकलं तर लीग आयलंडर्सची. पाच मिनिटं उरली होती, स्कोअर एक-एक आणि समोरच्या टीमला कॉर्नर मिळाला. बॉल हवेत आला.

"लीव्ह इट!" कुणीतरी ओरडलं. या वेळी क्लाइव्ह फसला नाही, बॉलखालीच उभा राहिला.

"माझा!" चारुदत्त गरजला. क्लाइव्ह खाली वाकला आणि त्याच्या डोक्यावरून चारुदत्तने बॉल दोन्ही हातांत घट्ट पकडला. क्षणही न दवडता त्याने तो लांब फेकला. डेस्मंड मैदानाच्या मध्यरेषेवर मोकळा होता. तो एकटाच पळत सुटला आणि त्याने गोल मारला.

शिट्टी वाजली तेव्हा चारुदत्त गुडघ्यांवर बसून हमसून हमसून रडत होता. तिघांनी त्याला खांद्यावर घेतलं. स्थानिक पेपरचा फोटोग्राफर आला, तेव्हा डेस्मंडने बाजूला उभ्या असलेल्या सुमेधाला ओढून मधोमध आणलं आणि कप तिच्या हातात दिला.

"या कोण?" फोटोग्राफरने विचारलं.

"आमच्या कोच," डेस्मंड म्हणाला.

सुमेधाने एकदा चारुदत्तकडे पाहिलं, आणि कप डोक्यावर उचलला.