दोन इंच की चार

“गाडी कशी चालली हे चालवणाऱ्याला विचारू नये, बाळ. मागच्या बाकावर बसलेल्याला विचारावं.”

वडिलांचा आवाज कानात आला तेव्हा ती गाडीखाली वाकून, एका हाताने बंपर धरून, तेलाच्या चेंबरवर मारलेलं ठिगळ बघत होती. वडील बस चालवायचे. संध्याकाळी घरी आले की गरम पाण्यात पाय सोडून असं काहीबाही बोलायचे, आणि ती टॉवेल घेऊन शेजारी उभी असायची. तो आवाज जाऊन किती वर्षं लोटली. आज या गॅरेजच्या अंगणात, तेलाच्या आणि रबराच्या वासात, तो कसा कोण जाणे वाट काढत आला होता.

“बघितलंत ना?” मिस्त्री म्हणाला. “ठिगळ माझ्या हातचं आहे, ते टिकेल. पण तुमचा रस्ता ऐकणार नाही, डॉक्टरबाई. पुढच्या दगडाला पुन्हा हेच. नव्या स्प्रिंगा घालून गाडी उचलावीच लागेल.”

ती उठली. गुडघे कुरकुरले. उजाडायच्या आत एका अडलेल्या गाईपाशी खांद्यापर्यंत हात घालून ती बसली होती. वासरू जिवंत निघालं, उभंही राहिलं, पण तिच्या दंडातली कळ काही उतरली नव्हती. डोंगरातल्या वस्त्यांवर जनावरं बघायला जाणारी ती एकटीच डॉक्टर. तिथे रस्ता म्हणजे रस्त्याची नुसती आठवण. मागच्या महिन्यात चढावर दगड लागून चेंबर फुटला, सगळं तेल मातीला पाजून गाडी जागीच बसली, आणि ती, नवरा आणि लेक कुणाचा तरी ट्रॅक्टर येईपर्यंत एका झाडाच्या सावलीबरोबर सरकत राहिले.

नवरा शाळेत गणित शिकवायचा. सुटीच्या दिवशी मात्र तो तिच्याबरोबर निघायचाच. तू एकटी कशी जाशील, असलं काही तो कधी म्हणाला नाही. “मला वरची हवा मानवते,” एवढंच म्हणायचा. लेकीला मागे बसलं की गाडी लागायची, म्हणून पुढची जागा तिची. मागे औषधांची पेटी, दोरखंड, बादल्या, आणि त्या सगळ्यांना खांद्याने अडवून बसलेला नवरा.

मिस्त्रीने टेबलावर दोन स्प्रिंगा उभ्या करून ठेवल्या. एक बारीक तारेची, दुसरी जाडजूड, अंगठ्याएवढ्या वेढ्यांची.

“ही दोन इंच उचलते. मऊ आहे. बसणारा सुखात, पण मोठे दगड तुम्हाला चुकवावे लागतील, कधीतरी खालून घासणारही. ही दुसरी चार इंच. दगड पोटाखालून निघून जाईल, तुम्हाला पत्ता लागणार नाही. पण कडक आहे. मागे बसणाऱ्याला प्रत्येक खड्डा भेटून जाईल.”

“आणि बसवल्यावर नाही पटली तर?”

“परत घेत नाही. लग्नासारखंच समजा.” मिस्त्री स्वतःच्याच विनोदावर हसला. “पाच-सात वर्षं तरी हिच्यावरच बसायचंय. म्हणून म्हणतो, या स्प्रिंगा बसवलेल्या माझ्या दोन गाड्या आहेत, त्या मागच्या मैदानात फिरवून बघा. तिघंही बसा, नेहमी बसता तसे.”

तिचं मन चार इंचांकडे झुकलं होतं. झाडाखालची ती दुपार पुन्हा नको होती. वर कुणाचं जनावर तडफडत असताना आपण खाली दगडाशी हुज्जत घालत बसायचं, हे आता तिच्याने होणार नव्हतं. पण मागे बसणाऱ्याला विचारायला तर हवं. तिने लेकीशेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

“तू सांगायचंस हं. नीट लक्ष देऊन.”

“सांगतो की.”

“आई, बाबांना काय विचारतेस?” लेक म्हणाली. “अपेंडिक्स काढलं तेव्हा त्यांना दवाखान्यातलं जेवणसुद्धा मस्त लागलं होतं.”

“मीठ कमी होतं,” नवरा म्हणाला.

“बघ. हे आज सांगतायत.”

तिघंही हसले, आणि हसता हसता पांढऱ्या गाडीत बसले. ही दोन इंचांची. गॅरेजमागे पडीक मैदान होतं, तिथे मिस्त्रीने मुद्दाम दगड मांडले होते, चर खणले होते. तिने गाडी सावकाश घातली. गाडी डुलली, झुकली, पाळण्यासारखी या कुशीवरून त्या कुशीवर झाली. मधल्या मोठ्या दगडाशी पोटाखाली करकर आवाज आला.

“घासली,” लेक म्हणाली.

“हं. मागे कसं वाटलं?”

“मस्त,” मागून आवाज आला.

मग करडी गाडी. चार इंचांची. हिच्यात चढायलाच पाय उंच टाकावा लागला. तोच मोठा दगड या वेळी खालून असा गेला, की जणू नव्हताच. तिला आतून हलकं वाटलं. चला, एक काळजी तरी उतरली. पण चराच्या काठाशी गाडी धाडकन आपटली, दुसऱ्या काठाशी पुन्हा, आणि पेटीतल्या बाटल्या असत्या तर किणकिणल्या असत्या. आरशात नवऱ्याचा चेहरा दिसत नव्हता. दाराच्या वरचा दांडा धरलेली मूठ तेवढी दिसली, पेरं पांढरी पडलेली.

“ही कशी?”

दांड्यावरची मूठ सुटली नाही.

“मस्त.”

“पहिली मस्त की ही मस्त?”

“दोन्ही आपापल्या जागी मस्त. तुला सोयीची ती घे.”

नवे टायर घेतले तेव्हा तो हेच म्हणाला होता. त्याआधी शॉकअब्सॉर्बर बदलले, सीट बदलली, प्रत्येक वेळी तिने विचारलं आणि प्रत्येक वेळी त्याने हेच उत्तर दिलं. त्या एका शब्दावर ती आजवर गाडी सजवत आली होती.

ती उतरून टेबलाकडे गेली.

“चारचीच बसवा,” ती म्हणाली. मिस्त्री खोकं आणायला आत वळला.

तिने सहज मागे पाहिलं. नवरा अजून उतरत होता. आधी त्याने दोन्ही पाय एकदम बाहेर काढले. मग थोडं थांबला. मग दाराला धरून हळूच जमिनीवर आला आणि पलीकडच्या गच्चीकडे मान वर करून बघत राहिला.

“टाकी नवीन बसवलेली दिसते,” तो लेकीला म्हणाला.

“बाबा, टाकीत काय बघायचंय?”

“चांगली आहे, म्हणून बघतो.”

एक हात बॉनेटवर. सगळं वजन एका पायावर, दुसरा पाय नुसता टेकलेला. मान पुढे, श्वास वरवरचा.

असं उभं राहणं तिच्या रोजच्या बघण्यातलं होतं. गोठ्याच्या दाराशी एखादी गाय अशीच उभी असायची आणि मालक सांगायचा, काल चरली, पाणी प्यायली, काही झालेलं नाही तिला. मालकाचं बोलणं कानाआड करून ती थेट पाठीवर हात ठेवायची. मुक्या जिवाला विचारायची ती एकच रीत तिला येत होती.

ती त्याच्याजवळ गेली.

“दोन्ही हात बॉनेटवर ठेव.”

“का?”

“ठेव ना.”

त्याने ठेवले. तिने मानेखाली दोन्ही अंगठे टेकले आणि मणक्याच्या दोन बाजूंनी, एकेक बोट सोडत, दाबत दाबत खाली आली.

“अगं, लोक बघतायत.”

“बघू देत.”

अंगठे खांद्यांमधून उतरले, बरगड्या संपल्या तिथे आले, आणखी थोडे खाली गेले. पट्ट्याच्या वर, डावीकडे, शर्टाखालचं मांस थरारलं. माशी बसल्यावर जनावराची कातडी थरारते, अगदी तसं. त्याने श्वास रोखला होता.

तिने अंगठा तिथेच ठेवला. आणखी दाबला नाही, उचललाही नाही. रडू आलं नाही, रागही आला नाही. पहाटेपासूनचा शीण तेवढा एकदम पायांत उतरला, आणि त्याच्याच पाठीला टेकून घटकाभर डोळे मिटावेत असं वाटलं. इतक्या परक्या दारांत, इतक्या अंधाऱ्या गोठ्यांत ही बोटं फिरली, आणि रोज रात्री हातभर अंतरावर निजणाऱ्या पाठीवरून ती कशी गेली नाहीत?

“मस्त?” तिने हळूच विचारलं.

सवयीने त्याची मान हलली. मग थांबली. त्याने एकदा लेकीकडे पाहिलं. ती खाली बघून चपलेने खडी उकरत होती. आतून मिस्त्री खोकं खांद्यावर घेऊन आला आणि तिघांना असं उभं बघून दाराशीच थबकला.

“नाही,” नवरा म्हणाला.

तिने अंगठा उचलला आणि तिथे तळहात ठेवला.

“दुखतं. मागच्या हिवाळ्यापासून. पांढऱ्या गाडीत कमी दुखलं, हिच्यात डोळ्यांपुढे काजवे चमकले.” तो बॉनेटकडे बघूनच बोलत होता, फळ्याकडे तोंड करून बोलावं तसं. “सांगितलं असतं तर तू मला घरी ठेवून गेली असतीस.”