मदरसाठी धरून आणलेला नवरा

आमच्या गारो डोंगरात नवरा बघायला जात नाहीत, धरून आणतात. पोरीच्या मनात एखादा भरला की गावची पोरं त्याला उचलतात आणि तिच्या दारात आणून टाकतात. नको असेल तर तो पळतो, ते पुन्हा धरतात. तिसऱ्यांदा पळाला की नाद सोडतात.

मला तिशी उलटली तरी कोणी धरलं नव्हतं. आणि धरलं ते कोणासाठी, तर मदर ब्रिजितासाठी!

मदर आणि दोघी सिस्टर केरळातून आल्या, टेकडीवर बांबूचा कॉन्व्हेंट उभारला, शाळेची घंटा टांगली. पण एकही पोरगी तिकडे फिरकेना. पोरींच्या आया म्हणत, "ह्यांना कोणी नवरा मिळाला नाही. ह्यांच्याकडे शिकून आमच्या पोरीही तशाच राहायच्या." वर्ग भरला नाही तर सिस्टरांना परत बोलावणार होते. टेकडी दिक्जे आजीच्या घराण्याची. तिला मदरची फार कणव, म्हणून तिनं परस्पर उपाय काढला.

मी सुक्या मासळीचा रस्सा भुरकत होतो. तोंडातला घास गिळायच्या आत मला उचललं आणि कॉन्व्हेंटच्या व्हरांड्यात आपटलं. मदर तांदूळ निवडत होती. मागे अख्खं गाव.

"हा नोजिंग," आजी म्हणाली. "नाक बसकं आहे, बाता फार मारतो, पण सुपारीच्या झाडावर सरसर चढतो. ठेवून घे."

"आजी, मला नवरा नको."

"लाजतेस काय? तुला कोणी दिला नाही, त्यात तुझा काय दोष?"

"दिला होता की! वडिलांनी लग्न ठरवलं, मी मठात पळाले. त्यांनी धरून आणलं. पुन्हा पळाले, पुन्हा आणलं. तिसऱ्यांदा पळाले तेव्हा त्यांनी नाद सोडला."

मग बायकांत हशा पिकला. आमच्यात पळतात ते बाप्ये!

"बाई पळाली? तीनदा?" आजीनं मदरच्या पाठीवर थाप मारली. "मग सुटलीस तू. तुला आता कोणी हात लावायचा नाही."

मला नुसतं "ऊठ" म्हणाले. पळायचीसुद्धा संधी दिली नाही मेल्यांनी!

नवरा मिळत होता, मदरनंच सोडला, हे आयांना कळलं, तसा दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. सगळ्यांत पुढे आजीची नात नेंग्मे. आजीच्या मागे घर, जमीन सगळं तीच सांभाळणार. आजीनं तिचा हात मदरच्या हातात दिला, पण स्वतःचा तिला काढवेना.

"अक्षरं शिकव," ती हळूच म्हणाली. "पळायला तेवढं शिकवू नकोस."

"ते कोणाला शिकवावं लागत नाही, आजी."

मग आजीनं नातीचा हात सोडला.