आजोबांनी टाकलेला शब्द

आमच्या वृद्धाश्रमात चोवीस म्हातारी माणसं आणि त्यांचं सगळं करणाऱ्या पाच जणी. सहावी जागा वर्षभर रिकामी आहे. शिकवून तयार केलेली मुलगी सहा महिन्यांत जाते, कारण पलीकडच्या गोदामात खोकी भरायला दीडपट पगार मिळतो आणि खोक्यांना धरून बाथरूमला न्यावं लागत नाही. मी इथली व्यवस्थापक. पगार वाढवायचा तर राहणाऱ्यांचा दर वाढवावा लागतो, आणि दराचा विषय काढला की त्यांची मुलं फोन उचलत नाहीत.

एक दिवस बारकी राजीनामा घेऊन आली. नाव बारकी, पण इथल्या एका नव्वद किलोच्या आजोबांना एकटी उठवून बसवते. तिची आई अंथरुणाला खिळलेली. गोदामाच्या पगारात आईजवळ दिवसभर बाई ठेवता येईल, म्हणाली. माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. मग मला नको ती अक्कल सुचली. ते आजोबा फक्त तिच्याच हातून अंघोळ करून घ्यायचे, बाकीच्यांवर साबण फेकायचे. त्यांना म्हटलं, तुम्ही तिच्याकडे जरा शब्द टाका.

त्यांनी शब्द टाकला, वर तिचा हात धरून रडले. मी दारातच होते. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. बारकीने राजीनामा परत घेतला आणि मी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर तिचं तोंडभरून कौतुक केलं. कौतुक फुकटात होतं.

तीन महिन्यांनी तिची आई घरी एकटी असताना पाण्यासाठी उठायला गेली आणि पडली. खुबा मोडला. आठवड्याने बारकी माझ्या टेबलासमोर उभी. आईला इथे ठेवता येईल का, विचारत होती. इथला दर तिच्या पगारापेक्षा जास्त, हे तिलाही माहीत होतं. संचालकांना विचारते, मी म्हणाले. ते काय म्हणणार, तेही आम्हा दोघींना माहीत होतं.

मला राहवेना.

"आजोबांना मीच सांगितलं होतं गं. तुला थांबवायला."



"आईचं आजोबांना सांगू नका, मॅडम," ती म्हणाली. "आपल्यामुळे झालं असं वाटेल त्यांना."

मला एक शब्द बोलली नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण नऊ वाजले होते, आणि ती आजोबांना अंघोळीला न्यायला गेली.