टवका उडालेली बशी

मित्रांनो, आधी नाकावरचा हात काढा. मी एक जुनी चिनी मातीची बशी आहे आणि माझ्यात सध्या सडकं केळं आहे. भट्टीतून निघाले तेव्हा काठावरच्या निळ्या रेघेचा मला कोण तोरा होता! पाहुणे आले की कपाटातून पहिली मी निघायची. मग जोडीचा कप फुटला, माझा टवका उडाला आणि माझी रवानगी गळक्या नळाखाली झाली. दिवसभर टपटप, टपटप. जीव नुसता कावून गेला.

तिथून मला उचललं घरातल्या आजोबांनी. त्यांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरणारे ते हात आता थरथरतात. आजोबांना त्याची भारी लाज वाटायची. पाहुण्यांसमोर ते हात खिशातून काढायचे नाहीत, चहासुद्धा नको म्हणायचे.

"एक फुलपाखरू नीट टिपलं ना, की मानेन हात अजून माझे आहेत," असं सुनेला सांगून ते कॅमेरा घेऊन बागेत बसले. काही फुलपाखरं फुलापेक्षा आंबलेल्या केळ्याला जास्त भुलतात, म्हणून केळं कुस्करून मला विटेवर ठेवलं. वीट वाकडी. वाऱ्याने मी खडखडायची आणि आजोबा दचकायचे.

पण फुलपाखरू येईना. कारण सूनबाई भारी टापटिपीची! केळं आंबायच्या आत ती मला घासूनपुसून लख्ख करायची. वास सुटणार कधी आणि पाहुणे येणार कधी? मी आतल्या आत तडफडायची.

शेवटी आजोबांनी तिला रंगेहाथ पकडलं. "सूनबाई, हिला घासायला कुणी सांगितलं?"

"अहो बाबा, मुंग्या लागल्या होत्या! मला वाटलं, तुम्ही उचलायला विसरलात."

"अगं, ते जेवण मांडलंय, खरकटं नाही!"

सुनेने जीभ चावली. त्यानंतर ती माझ्या बाजूने नाक दाबून जायची, पण हात लावायची नाही.

केळं आंबलं आणि एक मोठं तपकिरी फुलपाखरू आलं. सोंड उलगडून पिऊ लागलं. आजोबांनी कॅमेरा उचलला. खटक्. फोटोत नुसता तपकिरी धूर. पुन्हा खटक्, पुन्हा धूर.

"घे," त्यांनी कॅमेरा सुनेकडे दिला. "माझ्याच्यानं नाही होत." आणि थकून त्यांनी हात माझ्या काठावर टेकला. बोटं केळ्याने चिकट झालेली होती. फुलपाखरू चालत चालत बोटावर चढलं. बोट थरथरत होतं, मी खडखडत होते आणि ते मजेत रस पीत होतं.

"बाबा, हलू नका," सून बोलून गेली आणि लगेच ओशाळली.

"हलू दे," आजोबा म्हणाले. "त्याला चालतंय."

खटक्.

तो फोटो आता बैठकीच्या खोलीत आहे. त्यात आजोबांचा हात अगदी स्थिर आहे. पाहुणे आले की ते बोटाने फोटो दाखवतात. बोट थरथरतं, पण खिशात जात नाही. कोपऱ्यात माझा टवकाही दिसतो, बरं का!

म्हणून सांगते मित्रांनो, टवका उडाला की कुणाला लगेच नळाखाली ढकलू नका. आणि मला घासायची घाई तर मुळीच करू नका. केळं आता कुठे आंबायला लागलंय, आणि कुंपणावरून कुणीतरी तपकिरी येताना दिसतंय.