खसचा फाया

मुख्तारभाईंना माणसाची किळस फार लवकर यायची. गुलमंडीजवळच्या गल्लीत त्यांचं अत्तराचं दुकान, वडिलांच्या वेळचं. निजामाचं राज्य गेलं, गिऱ्हाईक बदललं, पण दुकानातली खस, म्हणजे वाळ्याचं अत्तर, तीच राहिली. घामेजलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात ते कुपी देतच नसत, लांबूनच काडीने त्याच्या मनगटाला लावत. कुणाच्या तोंडाला लसणाचा वास आला की लगेच नाक मुरडून मागे सरत. असा हा माणूस, आणि त्याच्याच पोटावर संडास काढून ठेवायची वेळ आली.

आतड्याला पीळ बसला होता. दवाखान्यात घाईघाईने पोट उघडलं, सडलेला तुकडा कापून टाकला आणि आतड्याचं तोंड डाव्या कुशीला बाहेर आणून शिवलं. त्यावर एक पिशवी चिकटवली. पोटाच्या मधोमध टाके. आतडं पुढे काही महिन्यांनी परत जोडणार होते. डॉक्टरांनी मुख्तारभाईंना आणि त्यांच्या बायकोला, आबेदाला, दोघांनाही बजावलं होतं, "टाके स्वच्छ आणि कोरडे राहिले पाहिजेत. पिशवीतली घाण टाक्यांत गेली तर जखम पिकेल, अख्खी उघडावी लागेल. पिशवी जराशी जरी सुटली, तरी लगेच सिस्टरला सांगायचं."

पिशवी पहिल्यांदा भरली तेव्हा मुख्तारभाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. कुशीला काहीतरी कोमट, जड लोंबत होतं आणि त्याचा वास थेट नाकात येत होता. शी! उठून जावं तर जाणार कुठे? घाण आपल्याच अंगाला चिकटलेली. आबेदाने भरवलेली पेज त्यांनी तशीच ओकून टाकली.

"घरसे खस की शीशी ला," ते तिला म्हणाले.

"दवाखाने में अत्तर? सिस्टर चिल्लाएगी ना जी."

"चिल्लाने दे. मेरा दम घुट रा."

शिशी आली आणि उशीखाली गेली. खोलीत कुणी नाही असं पाहून मुख्तारभाईंनी कापसाचा फाया खसमध्ये भिजवला, डोळे मिटले आणि पिशवी जिथे कातडीला चिकटली होती तिथे तो कडेकडेने खोचून फिरवला. खसचा गारवा पसरला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्यांना गाढ झोप लागली.

जाग आली ती अंगावर ओघळलेल्या घाणीने. द्वारका सिस्टर धावत आली. बाई सोयगावकडची, बोलायला तिखट, पण घाण पुसताना तिच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. सगळं धुतलं, टाक्यांवरची पट्टी बदलली, नवी पिशवी लावली. अत्तराचा वास तिला आला, पण तो रोज अत्तर लावून येणाऱ्या आबेदाचा असेल असं तिला वाटलं.

"चाचा, काय अंग हाय हो तुमचं! लई तेलकट. पिशवी टिकलीच नाय."

अत्तर म्हणजे तेल, म्हणूनच ते अंगावर टिकतं, हे मुख्तारभाईंनी सगळा जन्म गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. पण स्वतःच्या हागण्याला खस लावली, हे बाईमाणसाला सांगायचं कोणत्या तोंडाने? ती गेल्यावर वास पुन्हा वर आला, आणि हात आपसूक उशीखाली गेला. या वेळी थोडंच लावू, असं त्यांनी ठरवलं. पिशवी पुन्हा सुटली आणि पिवळा ओघळ थेट टाक्यांवरच्या पट्टीखाली गेला. सिस्टरने पुन्हा सगळं धुतलं आणि पिशवी बनवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली. मुख्तारभाईंनी शिशी उशीखाली आणखी आत सरकवली. लाज वाटत होती, पण किळस त्याहून मोठी होती.

मग एका सकाळी त्यांना जाग आली ती वासानेच. वर खस होती. तिच्याखाली पिशवीची घाण, ती आता ओळखीची झाली होती. आणि त्याच्याही खाली आणखी एक वास होता. गोडसर, शिळा. तो डाव्या कुशीकडून येत नव्हता, मधून येत होता. अत्तरातली भेसळ हेरणाऱ्या त्यांच्या नाकाला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही. त्यांनी सिस्टरला हाक मारली.

"सिस्टर, जरा वास घ्या. टाक्यांचा."

द्वारका सिस्टर वाकली. "मला तर नुसत्या अत्तराचाच वास येतोय, चाचा."

म्हणजे आपण गप्प बसलो तर पोट आतल्या आत सडेल आणि खोलीत खसच दरवळत राहील. मुख्तारभाईंनी उशीखालून शिशी काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

"हे मीच लावत होतो. पिशवीच्या खाली. म्हणून ती सुटत होती. आता टाक्यांत पू झालाय."

सिस्टरने शिशीकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचं तोंड वाकडं झालं.

"तुमच्या घाणीची मला कधी शिसारी आली नाय, चाचा. ह्याची आली."

डॉक्टरांनी जखमेच्या खालच्या टोकाचे टाके काढले तसा पू बाहेर आला. आतले टाके शाबूत होते, अख्खं पोट उघडायची पाळी थोडक्यात टळली. तेवढा भाग आता उघडाच ठेवून रोज धुवायचा होता. सिस्टरने कातडीवरचं तेल घासून घासून काढलं. त्यानंतरची पिशवी जागची हलली नाही.

दुपारी आबेदा आली, सवयीप्रमाणे मोगरा लावून. मुख्तारभाईंनी तिला दारातच हात करून थांबवलं.

"कल से अत्तर लगा के नक्को आ."

"क्यूं जी?"

"मेरे कू बू आने दे."

दुसऱ्या दिवशी सिस्टरने पट्टी सोडली तेव्हा त्यांनी तिला थांबवलं. कोपरावर रेटा देऊन मान उचलली, जमेल तेवढं नाक जखमेकडे नेलं आणि खोल श्वास ओढला. घशाशी आलं, डोळ्यांतून पाणी वाहिलं. शी! त्यांनी पुन्हा एकदा श्वास ओढला, नीट, सावकाश, दुकानात नवा माल पारखायचे तसा. तो गोडसर, शिळा वास त्यात नव्हता.

"चांगलं आहे, सिस्टर," ते उशीवर मान टाकत म्हणाले. "नुसती घाणच आहे."