सकाळपासून ताणलेलं धनुष्य

मुलांनो, समजा, तुम्ही चार वर्षं खो-खो खेळलात. समोरची खेळाडू डावीकडे बघते आणि उजवीकडे पळते, तेव्हा तिच्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, हे तुमच्या अंगात मुरलंय. मग गुडघा दुखावला आणि सरांनी तुमच्या हातात बांबूचं धनुष्य दिलं. दर्यापूरच्या दामिनीचं असंच झालं होतं.

आज अकोल्यात विभागीय स्पर्धा होती. पहिल्या चार मुली राज्य स्पर्धेला जाणार होत्या आणि लहान गटातलं दामिनीचं हे शेवटचं वर्ष होतं.

धनुष्याला दोरी चढवताना तिला दुसऱ्या कुणाचा तरी हात लागायचा. परगावी कुणाच्या हाती धनुष्य द्यायचं? म्हणून तिनं पहाटे घरीच बाबांकडून दोरी चढवून घेतली आणि एसटीत धनुष्य मांडीवर घेऊन बसली. खिडकीतून ऊन येत होतं, तरी तिनं ते खाली ठेवलं नाही.

मैदानावर शेजारी अकोल्याची माधवी होती.

"कधीची चढवली वं दोरी?"

"तुले काय करायचं?"

"उतरव ना थोडा वेळ."

दामिनीनं मान फिरवली. ऐनवेळी माझी धांदल उडवायचा डाव दिसतो, तिला वाटलं.

पाणी पिऊन आली तर माधवी तिच्या धनुष्याजवळ वाकलेली!

"हात काहून लावला?"

"उन्हात होतं, सावलीत सरकवलं. खाऊन नाही टाकलं तुयं धनुष्य!"

सरावाचे तीन बाण सोडायचे होते. पहिला लक्ष्याच्या खालच्या कडेला लागला, दुसरा त्याहून खाली. तिसरा तर मातीतच रुतला. घरी हेच बाण पिवळ्या वर्तुळात बसायचे.

"काय केलं तू याले?"

"मी काय जादूगार आहो?"

दामिनीनं दोरीच्या गाठी तपासल्या. एकेका बाणाची पिसं बोटानं चाचपली. सगळं जागच्या जागी होतं. माधवीनं काय केलं असेल, हे ताडून बघायला ती माधवीच्या धनुष्याकडे बघू लागली. ते दोरी उतरवून काठीसारखं सरळ पडलं होतं. त्याच्या पलीकडचंही तसंच होतं, आणि त्याच्याही पलीकडचं. अख्ख्या रांगेत एकच धनुष्य सकाळपासून वाकून ताणलेलं होतं. बांबू असा तासन्‌तास ताणलेला राहिला की त्याचा जोर कमी होतो. बाण मग पोचत नाही.

दामिनीचे कान तापले.

"अर्धा तास आहे अजून," माधवी म्हणाली. "उतरव. सगळा नाही, पन थोडा जोर येईन परत."

"अन् चढवाले?"

"मी आहो ना."

दामिनीनं दोरी उतरवली. धनुष्य पूर्ण सरळ झालं नाही. ते सावलीत ठेवून ती त्याच्याशेजारी बसून राहिली. नावं पुकारायला सुरुवात झाली तेव्हा उठली आणि धनुष्याचं एक टोक तिनं माधवीच्या हातात दिलं. दुसरं मात्र स्वतः घट्ट धरून ठेवलं, आणि दोरी खाचेत बसेपर्यंत माधवीच्या बोटांवरून नजर हलवली नाही.